डावीकडची बाटली

"परत लागलं. आठवड्यात तिसऱ्यांदा लागलं. खरवडून खरवडून नखं झिजली माझी, आणि अक्काला पत्ताच नाही."

मी दाराशी चपला काढत होते. आत माझा मदतनीस सिद्राम मोरीत उकिडवा बसून पातेल्याला सांगत होता. मी खाकरले, तसा त्याने नळ मोठा सोडला.

"आलात होय अक्का? काही नाही, हे पातेलंच जुनं झालंय बघा. बूड पातळ झालंय त्याचं."

पातेलं दिवाळीनंतर नवं घेतलेलं होतं. हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि पातेल्याला तोंड असतं तर त्यानेही सांगितलं असतं. पण मी म्हणाले, "हो रे, पातळच आहे," आणि पदर खोचून कामाला लागले.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. ते स्वयंपाकघर माणसांचं नव्हतं, माश्यांचं होतं. पुण्यात टेकडीच्या पायथ्याशी एक संशोधन संस्था आहे, तिथे देवस्थळी सर फळमाश्यांवर काम करायचे. फळमाश्या म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंगावणारी आपली चिलटं. आपण त्यांना फडक्याने हाकलतो. तिथे त्या काचेच्या बाटल्यांतून वाढायच्या, पंचवीस अंशांच्या खोलीत, वंशावळीसकट. एकेका घराण्याच्या कितीतरी पिढ्यांची नोंद. एवढी नोंद माझ्या सासरच्यांचीही कुणी ठेवलेली नाही.

त्यांचं जेवण रांधणं हे माझं काम. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, थिजवायला अगर, सगळं लापशीसारखं घोटायचं आणि निवत आलं की बुरशी धरू नये म्हणून मोजून आम्ल घालायचं. मी दहावी नापास. आले होते काचसामान धुवायला आणि लापशीपर्यंत पोचले ती नाकाच्या जोरावर. बाटलीचा बोळा काढला की मी सांगायची, यीस्ट जुनं आहे, यात आम्ल घालायचं राहिलंय, तिसऱ्या ओळीला उद्या बुरशी धरणार. धरायचीच. बाहेरगावचे शास्त्रज्ञ आले की सर हौसेने ओळख करून द्यायचे, "आणि हे आमच्या प्रयोगशाळेतलं सगळ्यांत अचूक उपकरण, कुमुदमावशी." उपकरण म्हटल्याचा खरं तर राग यायला हवा. मला मेलीला त्याचीच ऐट. पाहुण्यांसमोर एखादी बाटली उचलून हुंगायची, डोळे मिटायचे आणि निकाल सांगायचा.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी सर्दीतापाने आठ दिवस अंथरुणाला खिळले. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. अभ्यंगाला उटणं चोळलं ते नुसतंच खरखरीत. चिवड्याची फोडणी म्हणजे नुसताच तडतडाट. वाटलं, येईल चार दिवसांत. माघ उजाडला तरी आला नाही. आजारपणात वास असा जातो हे पुढे साऱ्या जगाला कळलं, पण तेव्हा ते कुणाच्या बोलण्यात नव्हतं. मला वाटायचं, हे असलं काहीतरी फक्त माझ्याच नशिबी आलंय. शिवाय दर मार्चला माझं कंत्राट नव्याने व्हायचं. वास न येणाऱ्या बाईला कुणी कशाला ठेवील?

म्हणून मी युक्त्या केल्या. लापशी घड्याळावर शिजवायला लागले. आम्ल घातलं की पेन्सिलीने भिंतीवर एक रेघ ओढायची. बाटल्या जागेवरून ओळखायच्या. बोळा काढून हुंगायचं सोंग मात्र सोडलं नाही. घड्याळाने बरीच साथ दिली, पण लापशी कधी लागते हे घड्याळाला कळत नाही. ते सिद्रामला कळायचं.

आता ऋजुताबद्दल सांगते. ऋजुता रावेरची, केळीच्या बागायतदाराची मुलगी, पीएचडी करायला आलेली. तिच्या तीन वर्षांच्या कामाचा शेवट एका साध्या चाचणीवर आला होता. तिच्याकडे माश्यांची तीन घराणी होती. एक निरोगी. एक बिघडलेलं, म्हणजे वास ओळखायची यंत्रणा तिने मुद्दाम एका जागी मोडलेली. आणि तिसरं दुरुस्त केलेलं, ज्यात तीच मोडलेली गोष्ट तिने परत बसवली होती. दुरुस्त माश्यांना परत वास येतो, एवढं दाखवलं की तिचा प्रबंध पुरा. शनिवारी कमिटीसमोर उभं राहायचं होतं.

चाचणी अशी. इंग्रजी वायसारखी फाटे फुटलेली काचेची नळी. खालून शंभर माश्या सोडायच्या. एका फाट्याच्या टोकाला केळीच्या अर्काचा थेंब, दुसऱ्याच्या टोकाला नुसतं बिनवासाचं तेल. दहा मिनिटांनी किती कुठे गेल्या ते मोजायचं. मोजणाऱ्याला अर्क कुठे आहे हे कळता कामा नये, नाहीतर डोळे मनासारखं मोजतात, असं सरांचं म्हणणं. म्हणून थेंब मी घालायचे आणि क फाट्यात काय, ख फाट्यात काय, हे माझ्या वहीत लिहून वही मिटायचे. आणि ऋजुता पडली रावेरची. केळं कुठे आहे हे तिला झोपेतही कळलं असतं. मग सर तिला मोजताना नाकाला विक्स लावलेला रुमाल बांधायला लावायचे. ती दरोडेखोरासारखी दिसायची. "मावशी, आईने पाहिलं ना, म्हणेल पुण्याला पाठवून पोरगी वाया गेली," असं ती रुमालातून म्हणायची.

अर्काची आणि तेलाची बाटली सारखीच, तपकिरी, बसक्या बुडाची. वरच्या चिठ्ठ्या स्पिरिटने पुसून पुसून कधीच गेल्या होत्या. आता त्या बाटल्यांच्या काचेवर अक्षरं कोरलेली असतात, तेव्हा नव्हती, कारण तेव्हा मी होते. दोन्ही बाटल्या उघडून मी सांगायची. आणि दिवाळीपासून सांगत होते ते एवढ्यावरच, की कपाटातली डावीकडची अर्काची.

त्या बुधवारी, पातेलं लागलं त्याच दिवशी, तिन्ही घराण्यांची एकत्र अशी पहिली चाचणी झाली. ऋजुताने आकडे वाचले आणि मी वही उघडली. निरोगी माश्या केळीच्या अर्काकडे पाठ फिरवून तेलाकडे गेल्या होत्या. दुरुस्तही तशाच. बिघडलेल्या निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे.

"चिलट केळ्यापासून पळतंय?" ऋजुताने रुमाल खाली ओढला. "आमच्या बागेत सांगितलं तर लोक पोट धरून हसतील."

सरांनी चष्मा पुसला. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मावशी, बाटल्यांची अदलाबदल तर नाही ना झाली?"

एवढा एक प्रश्न. तिथेच सांगता आलं असतं. पण सिद्राम दारात उभा होता, ऋजुता होती, आणि सरांचा आवाज इतका मऊ होता की मला त्याचीच भीती वाटली.

"सर, मी बूच काढून हुंगते ना दर खेपेला," मी म्हणाले. "माझं नाक चुकलंय का कधी?"

"नाही, नाही. तुमचं नाक चुकायचं नाही," सर घाईने म्हणाले.

झालं. माझ्या या उत्तरानंतर बाटली उघडून हुंगणं म्हणजे मला खोटं ठरवणं. ते कुणी केलं नाही. मग गुरुवारचा अख्खा दिवस त्या तिघांनी जगातल्या सगळ्या गोष्टींवर संशय घेतला, मला सोडून. वास फार उग्र झाला की माशी पळते, म्हणून थेंब अर्धा केला. हवेचा पंप बदलला. एसी बंद करून पाहिला. मधल्या भिंतीला रंग लावला होता, त्याचा वास नडत असेल म्हणून पंखे लावले. सिद्रामने तर खिडकीतल्या पारव्यांवरही आळ घेतला. अर्धा थेंब मीच घातला, त्याच डावीकडच्या बाटलीतून. माश्या पुन्हा उलट्या.

"आता नाही," सर शेवटी म्हणाले. "ऋजुता, हे प्रकरण प्रबंधातून काढ. निरोगी माशी केळ्यापासून पळते, असल्या चाचणीवर कमिटी काय विश्वास ठेवणार? उरलेलं आहे तेवढं मांड."

"सर, पण उरलेलं म्हणजे नुसते फोटो. दुरुस्तीने माशीला फरक पडला की नाही, तेच नाही उरत त्यात."

"माहीत आहे मला."

ऋजुता रुमालाची घडी घालत बसली. चार घड्या, मोडल्या, परत चार.

संध्याकाळच्या चहाला सिद्राम माझ्याशेजारी येऊन टेकला. चहा बशीत ओतत, कुणाशीच नाही असं म्हणाला, "रंगाऱ्यांनी नुसता वैताग आणला. सोमवारी कपाट सरकवायचं म्हणून एकूण एक बाटली बाहेर काढायला लावली मला."

माझ्या हातातला कप थांबला. "आणि परत कुणी लावल्या?"

"मीच की. जशाच्या तशा लावल्या अक्का, एक इकडची तिकडे नाही." मग जरा थांबून, "फक्त लावताना उजवीकडनं सुरुवात केली."

त्याने बशी तोंडाला लावली. बशीवरून त्याचे डोळे माझ्याकडे होते, मी पाहिल्यावर बाजूला झाले. आज मला वाटतं, ती वाक्यं त्याने दोन दिवस तोंडात घोळवली असतील.

रात्रभर मी हिशेब केला तो एकच. कपाटापाशी जाऊन कुणाला न सांगता बाटल्या परत फिरवायच्या. पुढची चाचणी सरळ येईल. पण पुढची चाचणी होणारच नव्हती. सरांनी फाटक लावून घेतलं होतं, आणि ते उघडायचं तर मलाच बोलावं लागणार होतं.

शुक्रवारी सकाळी लापशी उतरवत होते, तेव्हा ऋजुता आली. डोळे सुजलेले.

"मावशी, काम आहे का? नसेल तर चला. माझ्या माश्या बघा एकदा. उद्यानंतर या माश्यांना कोण बघणार आहे?"

"मी रोज बघते की. शेकड्यांनी मरतात, हजारांनी होतात."

"तशा नाही. आतून."

अकरा वर्षांत सूक्ष्मदर्शकाच्या त्या काळोख्या खोलीत मी फरशी पुसायलाच गेले होते. तिने मला स्टुलावर बसवलं, चष्मा काढायला लावला आणि माझं डोकं हलकेच भिंगापाशी आणलं. आधी काही दिसेना. नुसता काळोख, माझ्याच पापण्या. मग काळोखात हिरवं काहीतरी उजळलं.

"ही बिघडलेली. माशीच्या कपाळावर दोन शिंगं असतात ना, तिचं नाक तेच. त्या शिंगावर केस, केसाला बारीक भोकं, आणि प्रत्येक केसाच्या आत पेशीने वर काढलेला एक तंतू. वास त्या तंतूवर ओळखला जातो. ओळखणारी प्रथिनं मात्र तिथे बनत नाहीत. ती बनतात खाली, पेशीच्या पोटात. तिथून वर चढवावी लागतात."

"आपोआप नाही चढत?"

"नाही ना! हमाल लागतो." तिने माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि कोपराकडे चालवत नेली, एक पाऊल, दुसरं पाऊल. "आत रुळासारखे धागे असतात, त्यावरून हमाल ओझं पाठीवर घेऊन असा चालतो. आणि ओळखणारं प्रथिन एकटं जातही नाही. सोबती असेल तरच वर जातं. हिरवा दिसतोय तो सोबती. या माशीत मी हमाल मोडलाय. बघा, सगळं हिरवं कुठे आहे?"

खाली होतं. तंतूच्या मुळाशी, दारातच, ढीग पडलेला. वर नुसता काळोख.

"म्हणजे सगळं तयार आहे," मी म्हणाले.

"तयार आहे. जिथे हवं तिथे पोचलं नाही, एवढंच."

"आणि बाहेरून कळतं का गं?"

"काहीच नाही. उडते, खाते, अंडी घालते. शिंग धडधाकट. हिला वास येत नाही हे कुणाला कळणार..." तिचं बोलणं मध्येच तुटलं. काळोखात मला तिचा चेहरा दिसत नव्हता, तिला माझा. तिने घाईघाईने काच बदलली. "ही निरोगी बघा. ही अजून जन्मलीही नाही, कोषात आहे. तिसऱ्या दिवसाची."

तंतू होता, पण अंधारा. ओस पडलेल्या गल्लीसारखा.

"आता चौथ्या दिवसाची."

मी पाहिलं आणि माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं. गल्लीत दिवे लागत होते. खालून हिरवं वर सरकलेलं, अर्ध्या वाटेवर, ठिपका ठिपका करत. तिने आणखी एक काच ठेवली, काही तासांनी पुढच्या कोषाची. आता टोकापर्यंत उजेड होता. माझ्या डोक्यावरच्या केसापेक्षा कितीतरी बारीक त्या तंतूत, शेंड्यापर्यंत.

ती माशी अजून मिटलेली होती. पंख चिकटलेले, बाहेरचा उजेड पाहिलेला नाही. केळं म्हणून जगात काही असतं हे तिला कुणी सांगितलेलं नाही. आणि तिच्या आत, न दिसणारे हमाल न दिसणाऱ्या रुळांवरून ओझी वाहत होते, वेळेवर, न चुकता, तिने पहिला श्वास घ्यायच्या आत वास तिच्या दारात तयार असावा म्हणून. अशा हजारो माश्यांना मी अकरा वर्षं लापशी घातली होती. अकरा वर्षं मला वाटत होतं, त्या खोलीतलं अचूक उपकरण मी आहे.

डोळ्यांतून पाणी येऊन भिंग धुरकटलं. मी पदराने पुसायला गेले, तर ऋजुता किंचाळली, "पदर नको मावशी! ते भिंग तुमच्या-माझ्या पगारात नाही यायचं!" आणि दोघी हसलो.

"आता शेवटची. ही दुरुस्त केलेली."

टोकापर्यंत हिरवी. निरोगी माशीसारखीच. मी कितीतरी वेळ पाहत राहिले.

"हिला वास येतो," मी म्हणाले.

"दिसतंय तर तसंच. पण नळीत शिरली की खोटी ठरते," ऋजुता म्हणाली. "कुठे चुकलं तेच कळत नाही."

मी उठले. कपाटातून दोन्ही बाटल्या काढल्या, वही घेतली आणि सरांच्या खोलीत गेले. ऋजुता मागोमाग आली. सिद्राम बाहेर ट्रॉली ढकलत होता, तो दारातच थांबला.

"सर, माश्या खऱ्या आहेत," मी वही टेबलावर ठेवली. "बाटल्या उलट लागल्या होत्या. मी डावीकडची अर्काची म्हणून घेतली, ती तेलाची होती. क आणि ख फिरवून वाचा."

सरांनी एका बाटलीचं बूच काढून हुंगलं. मग दुसरीचं. दुसरी हळूच खाली ठेवली, बूच लावायचं विसरून. ऋजुता पेन्सिल घेऊन वहीवर वाकली होती. तिने आकडे फिरवून वाचायला सुरुवात केली.

"निरोगी, शंभरातल्या ब्याऐंशी केळीकडे. बिघडलेल्या, एकोणपन्नास. दुरुस्त..." ती थांबली. "शहात्तर. सर, शहात्तर! दुसऱ्या दिवशी एकोणऐंशी!" आणि ती तिथेच खुर्चीत बसून रडायला लागली, हसतही होती.

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दुपारी सगळं परत करून बघू. तसंच आलं तर उद्या छाती पुढे काढून मांड." मग घसा साफ केला. "कपाट हलवताना झालं असणार हे. सिद्रामच्या हातून."

"होय सर," दारातून सिद्राम लगेच म्हणाला. "माझ्याच हातनं झालं. मीच उलट्या लावल्या."

"आणि चिठ्ठ्या चिकटवायचं मीच टाळलं," ऋजुता डोळे पुसत म्हणाली. "मावशींचं काय चुकलं यात?"

"कुणाचंच काही नाही. संपला विषय," सर म्हणाले. "मावशी, दुपारी थेंब नेहमीसारखे तुम्हीच घाला."

कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं. सर खिडकीकडे, ऋजुता वहीत, सिद्राम ट्रॉलीच्या चाकाकडे. तिघांनी मिळून माझ्यासाठी दार सताड उघडून धरलं होतं. मान हलवायची, बाटल्या उचलायच्या आणि बाहेर पडायचं, एवढंच उरलं होतं. ऋजुताचं काम वाचलं होतं. सिद्राम पुन्हा पातेलं खरवडणार होता आणि पातेल्याला बोल लावणार होता.

बूच न लावलेली बाटली माझ्या हाताशी होती. मी ती उचलली, पाहुण्यांसमोर उचलायची तशी. डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. मग बाटली टेबलाच्या मधोमध ठेवली.

"सर, ही कुठली बाटली आहे ते मला आत्तासुद्धा माहीत नाही," मी म्हणाले. "दिवाळीपासून मला वास येत नाही."